चित्रातल्या बागेला वास नसतो

शाळांना डिसेंबरची सुट्टी लागली की सिंगापूरच्या यिशुन भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बुरशी मुक्कामाला येते. रोज दुपारी आभाळ काळवंडतं, तासभर पाऊस कोसळतो, आणि मग ऊन न पडता नुसती वाफ कोंडून राहते. वाळत घातलेले टॉवेल दोन दोन दिवस आंबट होत पडतात. काल बुटांचं कपाट उघडलं तर नवऱ्याच्या काळ्या बुटांवर पांढुरकी हिरवट लव आली होती. पुसायला हात घातला आणि तो वास नाकात शिरला. ओला कागद, जुना सरस आणि त्याखाली काहीतरी गोडसर कुजलेलं. बूट तसेच टाकून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

जुन्या पुस्तकांचा वास लोकांना फार आवडतो. त्या वासाच्या मेणबत्त्याही मिळतात म्हणे. मला त्याची किळस येते, आणि ही किळस जन्मजात नाही. ती मला एका डिसेंबरात लागली.

तेव्हा माझी मुलगी ईरा नऊ वर्षांची होती. मी पुण्यात ग्रंथालयशास्त्र शिकले होते, पण सिंगापूरला आल्यावर बरीच वर्षं त्याचा काही उपयोग झाला नव्हता. मग एका खाजगी संग्रहात काम मिळालं. एका जुन्या श्रीमंत कुटुंबाने जमवलेली मुलांची सचित्र इंग्रजी पुस्तकं, बहुतेक सगळी एकोणिसाव्या शतकातली, आणि ती सांभाळणारी आयरीन नावाची साठीची बाई. आखूड केस, साखळीला लटकवलेला चष्मा, बोलणं मऊ. सुट्टीत मुलांसाठी जुरोंग ईस्टच्या एका मॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं ठरलं. विषय होता जुन्या चित्रपुस्तकांतली खेड्यातली बाग. पुस्तकं निवडायची, साफ करायची आणि चित्रांखाली लावायच्या पाट्या लिहायच्या, हे माझं काम.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मी त्या चित्रांवर लुब्ध होते. वरचा पातळ कागद अलगद उचलायचा, की खाली एक सकाळ पसरलेली असायची. गवताने शाकारलेलं घर, दारावर चढवलेला गुलाब, समोर वाफे आणि वाफ्यांत मुलं. मुलींचे पांढरेशुभ्र एप्रन, हनुवटीखाली गाठ मारलेल्या टोप्या, मुलांच्या मखमली विजारी. कुणाच्या हातात झारी, कुणाच्या दाताळं, कुणाच्या टोपलीत वाटाण्याच्या शेंगा. बाहेर धो धो पाऊस, आत एअरकॉनची थंडी, आणि हातमोजे घालून मी एकेक बाग उलटत बसलेली.

तिसऱ्या दिवसापासून शिसारी यायला लागली. कशाची ते आधी कळेना. पेढ्यांचा अख्खा पुडा एकटीने संपवल्यावर जीभ चिकट होते तसं काहीतरी वाटायचं. मग हळूहळू दिसायला लागलं. पन्नासेक बागा बघून झाल्या होत्या आणि एकाही एप्रनला मातीचा डाग नव्हता. कुठेही उकिरडा नव्हता. शेण नाही, पिवळं पडलेलं पान नाही, माव्याने चिकट झालेला शेंडा नाही. गांडूळ एकदाच दिसलं, तेही पक्ष्याच्या चोचीत, रिबिनीसारखं गुलाबी. कागद मात्र जागोजाग कसरीने खाल्लेला, त्यावर तपकिरी डागांचं पुरळ उठलेलं. म्हणजे पुस्तक सडत होतं आणि आतली बाग हसत होती. आणि बहुतेक प्रत्येक चित्राच्या कडेला एक म्हातारा असायचा. पाठीत वाकलेला, टोपी डोळ्यांवर ओढलेली. ती सगळी बाग त्याने केलेली असणार, पण चित्रकाराने त्याचं तोंड एकदाही वर उचललेलं नव्हतं.

गोष्टीही त्याच चवीच्या. चांगला मुलगा आपला वाफा स्वच्छ ठेवतो, आळशी मुलाच्या वाफ्यात तण माजतं, आणि तण म्हणजे मनातलं पाप. पाहुणे येतात, आळशी मुलाला सगळ्यांसमोर खाली बघायला लावतात. चांगल्या मुलाला शाबासकी मिळते. म्हातारा टोपी काढून बाजूला उभा राहतो. तण काढून काढून ज्याची बोटं वाकडी झाली, त्याच्या मनात किती पाप होतं, हे कुठल्याच पुस्तकाने विचारलेलं नव्हतं.

एके दिवशी डबा खाताना आयरीनने सहज सांगितलं, की छापलेल्या काळ्या रेघांत रंग भरायचं काम त्या काळी पुष्कळदा मुलांकडूनच करवून घ्यायचे. टेबलाभोवती बसवायचं. एकाने सगळ्या पानांवर फक्त लाल लावायचा, पान पुढे सरकवायचं, दुसऱ्याने फक्त हिरवा.

"सो इंटरेस्टिंग, राइट?" ती म्हणाली.

माझ्यासमोर एक पान उघडं होतं. झारी घेतलेली मुलगी, गाल गुलाबी. तो गुलाबी ठिपका कुठल्या तरी अंधाऱ्या खोलीतल्या पोराने दिवसभरात शंभरदा लावला असेल. मी डबा तसाच झाकला.

त्याच महिन्यात माझे वडील आले होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आई गेल्यावर पहिल्यांदाच ते घराबाहेर इतके लांब आले होते. आप्पा सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत माळी होते, शेवटी शेवटी हेडमाळी. ऑफिसर लोकांचे बंगले, क्लब, गेस्ट हाऊस, सगळ्या बागा त्यांच्याकडे. हे वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा पूर्ण बोलले आहे. शाळेत सांगायचे, 'कारखान्यात आहेत.' सासरी सांगितलं, 'शेतकी विभागात होते.' आयरीनने विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, 'हॉर्टिकल्चर.' तिने भुवया कौतुकाने वर केल्या, आणि मी त्या तशाच वर राहू दिल्या.

आप्पांच्या हातांची मला लहानपणी किळस यायची. हे लिहिताना बोट अडतं, पण ते खरं आहे. तळव्यांच्या भेगांत काळी माती कायमची बसलेली. पोरी मेंदी लावतात तशी, पण कधीच न उतरणारी. निंबोळी पेंड, हाडांचा चुरा, फवारणीचं औषध, यांचा मिळून एक वास होता आणि तो साबणाने जायचा नाही. ते माझ्या ताटातली भाकरी मोडून द्यायचे तेव्हा मी तो तुकडा हळूच बाजूला ठेवायचे. एकदा त्यांनी ते पाहिलं. त्या दिवसापासून भाकरी आईच मोडायला लागली. कुणी काही बोललं नाही. आमच्या घरात कुणी काही बोलायचं नाही, जागा तेवढी बदलायची.

तर त्या डिसेंबरात मी पाट्या लिहायला चित्रांच्या प्रती घरी आणायचे. जेवणाच्या टेबलावर पसरायचे. एका दुपारी आप्पा चष्मा लावून बसले, शेजारी ईरा.

"ही पोरं काय करत्यात?"

"गार्डनिंग, आजोबा."

"गार्डनिंग व्हय?" आप्पांनी बोट ठेवलं. "ही झारी बघ. भरलेली असती तर ह्या चिमणीनं अशी एका हातानं, हात लांब करून धरली असती का? रिकामी हाय ती."

ईरा हसायला लागली. "देन व्हॉट इज शी वॉटरिंग?"

"फोटूला पाणी घालतीया."

मग दोघांना नादच लागला. आप्पा सांगत होते आणि ईरा पेन्सिलीने खुणा करत होती. ही सगळी फुलं एका महिन्यात फुलत नाहीत. हा मुलगा कुदळ जशी धरून उभा आहे तशी मारली तर पहिला घाव त्याच्याच पायावर. ह्या गुलाबाची छाटणी कुणी केली, चांगली केलीय, हात सराईत आहे. हे वाफे आदल्या दिवशी पाणी सोडून भिजवलेत, माती बघ कशी बसलीय.

"ह्या पोरांनी काय केलं न्हाई," आप्पा म्हणाले. "हे सगळं त्या म्हाताऱ्यानं सकाळी उठून करून ठिवलंय. ही नंतर आल्यात, आंघोळ करून."

"सो फेक लाह," ईरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, आणि तिने म्हाताऱ्याभोवती एक गोल काढला.

त्यांत एक चित्र वेगळं होतं. ते इंग्लंडमधलं नव्हतं. वसाहतीतल्या कुठल्या तरी बंगल्याची बाग, खांबांचा व्हरांडा, कुंड्यांच्या रांगा. गोरी मुलगी फुलांना पाणी घालते आहे आणि तिच्यामागे मुंडासं बांधलेला माळी छत्री धरून उभा आहे. मुलीच्या फितीची घडी न् घडी रेखाटलेली. माळ्याचं तोंड म्हणजे तपकिरी रंगाचा एक डाग. डोळे नाहीत, नाक नाही. रंग रेषेबाहेर जाऊन मुंडाशावर पसरलेला.

आप्पा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. पानावर कीड दिसल्यावर बघायचे तसे, न रागावता, जवळून.

"ह्याला तोंड काढलं न्हाई."

"मेबी दे फरगॉट," ईरा म्हणाली.

"इसरत न्हाईत गं. फितीची गाठ कुठं इसरलेत?"

दुसऱ्या दिवशी मी त्या चित्रासाठी पाटी लिहिली. मुलांना कळेल अशी, दोनच ओळींची. 'बाग कुणी केली? त्याचा चेहरा चित्रात शोधा.' मला ती लिहून बरं वाटलं. आयरीनने वाचली, चष्मा काढला आणि माझ्या दंडावर हात ठेवला.

"नंदा, इट्स व्हेरी गुड. बट इट्स हॉलिडे सीझन. मुलं आनंदासाठी येणार, पालक शॉपिंग करून दमलेले असणार. लेट्स कीप इट लाइट."

तिने खोडून वर लिहिलं, 'बागेतली एक उन्हाची सकाळ.' मी हो म्हणाले. वाद घातला असता तर ती ऐकून तरी घेणारी बाई होती. पण मी वाद घातला नाही. मला ते काम हवं होतं, त्या थंड खोलीतलं माझं टेबल हवं होतं, हॉर्टिकल्चरवाल्याची मुलगी म्हणून मिळणारा मान हवा होता.

प्रदर्शनातली शनिवारची कार्यशाळा हा मोठा कार्यक्रम होता. 'छोटे माळी.' मॉलच्या मधल्या चौकात प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलेलं, लाकडाचं पांढरं कुंपण, चित्रांतल्यासारखे एप्रन आणि गवती टोप्या. लाकडी पेट्यांत मुलांनी रोपं लावायची. आयरीनने आधीच कळवलं होतं, की माती स्वच्छ हवी आणि तिला वास नको. म्हणून नारळाच्या काथ्याचा धुतलेला भुसा मागवला होता. गोण्या ओढायला, गवत अंथरायला, कुंपण ठोकायला मॉलच्या कंत्राटदाराचा एक बांगलादेशी कामगार तीन आठवडे येत होता. निळा शर्ट, पाठीवर घामाचा खारा नकाशा. सकाळी मुलं यायच्या आधी त्याने ती सगळी बाग उभी केली होती.

एका टेबलावर खाऊ. पारदर्शक पेल्यांत चॉकलेट बिस्किटांचा काळा चुरा, त्यात अर्धी पुरलेली जेलीची गांडुळं, वर पुदिन्याचं पान. ह्याचं नाव 'माती'. मुलं चमच्याने माती खात होती. गांडुळं दातांत धरून ताणत होती. हनुवट्यांवर काळी लाळ, बोटं चिकट, आणि सगळीकडे तो व्हॅनिलाचा वास. मागे, चौकाच्या कडेला, काचेच्या पेट्यांत माझी पुस्तकं उघडी होती आणि त्यांतली मुलं त्याच तोंडाने हसत होती.

ईराने नाव नोंदवलं होतं, म्हणून आप्पाही बरोबर आले. बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, काळी पँट, चपला. आयरीन फोटोग्राफरशी बोलत होती, घाईत होती. मी आप्पांची ओळख करून दिली नाही. मागाहून देऊ, असं स्वतःला म्हणाले, आणि त्यांना कुंपणाबाहेरच्या बाकावर बसवलं.

मुलं जास्त आली आणि भुसा पुरेना. आयरीनने त्या कामगाराला खूण केली. त्याने मागून साध्या मातीची एक गोणी आणली, फाडली, पेटीत ओतली. त्या मातीला वास होता. ओला, थंड, खरा. त्या सगळ्या दिवसात पहिल्यांदा माझं नाक मोकळं झालं. आणि तेवढ्यात एका मुलीने किंकाळी फोडली. मातीत गांडूळ होतं. जेलीचं नव्हे, जिवंत, आकसणारं, लांब होणारं. मुलं मागे सरली. आया ओले टिश्यू घेऊन धावल्या. "डर्टी, डर्टी, डोन्ट टच!"

आप्पा कधी उठून आत आले मला कळलं नाही. त्यांनी ते गांडूळ दोन बोटांनी अलगद उचललं, तळव्यावर ठेवलं, वर थोडी माती भुरभुरली आणि गुडघ्यावर बसून मुलांपुढे हात धरला.

"भ्यायचं न्हाई. हा आपला माळी. फुकट काम करतो."

मुलांत मराठी एकट्या ईराला कळत होती. ती पुढे झाली आणि सगळ्यांना इंग्रजीत सांगायला लागली. एक मुलगा जवळ आला, मग दुसरा. कुणीतरी बोट लावलं. ती किंकाळी फोडणारी मुलगीही आईच्या मागून मान काढून बघू लागली. त्या दिवसात खरोखर बागेसारखं जे काही घडलं ते तेवढंच, दोनेक मिनिटं.

मग आयरीनने टाळी वाजवली. ग्रुप फोटो. मुलं टोप्या सावरत कुंपणापुढे रांगेत उभी राहू लागली. मागे तो कामगार फुटलेली गोणी उचलत होता, ती एका बाजूने सांडत होती, म्हणून आप्पांनी दुसरं टोक धरलं होतं. दोघंही मातीने भरलेले, वाकलेले.

आयरीन माझ्या कानाशी आली. "नंदा, कॅन यू आस्क दोज टू वर्कर्स टू मूव्ह? दे आर इन द फ्रेम."

टू वर्कर्स. दोन कामगार.

तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. 'ते माझे वडील आहेत,' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी पुढे गेले, आणि ज्या सुरात पाटीवरच्या ओळी वाचायचे त्याच सुरात म्हणाले, "आप्पा, थोडं बाजूला व्हा. फोटो काढतायत."

त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे, मग आयरीनकडे, मग कॅमेऱ्याकडे. "हां हां," म्हणाले आणि गोणीसकट त्या माणसाला घेऊन खांबाआड गेले. जाताना पायाने सांडलेली मातीही सारून नेली, फोटोत घाण दिसू नये म्हणून.

रांगेतून ईरा ओरडली, "आजोबा, कम लाह! यू ऑल्सो!"

खांबाआडून आप्पांनी हसून मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं आणि तिला समोर बघायची खूण केली. ईरा समोर बघून हसली. फोटो फार छान आला.

नंतर आप्पा मॉलच्या स्वच्छतागृहात गेले ते लवकर बाहेर येईनात. मी दाराशी ईराचा हात धरून उभी होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातांना मॉलच्या साबणाचा लॅव्हेंडरचा वास येत होता. त्यांनी तळवे नाकाशी नेले, हुंगले आणि मला म्हणाले, "वास गेला आता."

एवढंच म्हणाले. टोमणा नव्हता. खातरी करून सांगत होते.

जुरोंग ईस्टहून यिशुनला एकच गाडी जाते, बदलावी लागत नाही. काचेवर पाऊस आडवा वाहत होता. क्रांजीच्या आसपास थोडी झाडी येते, तिथे आप्पा ईराला काहीतरी दाखवत होते. मी समोरच्या बाकावर बसले होते आणि मला माझ्या स्वतःच्या तोंडाची चव घाण लागत होती. पुस्तकांची आलेली शिसारी सोपी होती. परक्या देशातले, मेलेले चित्रकार. त्यांच्यावर नाक मुरडायला काही लागत नाही, उलट माणूस शहाणा दिसतो. त्या चित्रकाराने माळ्याला निदान छत्री धरून फ्रेममध्ये उभं तरी केलं होतं. मी तेही केलं नव्हतं.

प्रदर्शन संपलं आणि मी काम सोडलं. कारण घरचं सांगितलं. आयरीनने मिठी मारली, अननसाच्या टार्टचा डबा दिला. ती वाईट बाई नव्हती, आणि ह्याचाही मला त्रासच झाला. तिच्यावर चिडता आलं असतं तर थोडं हलकं वाटलं असतं. मी तिला खरं काय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. आप्पा जानेवारीत परत गेले. विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कुंडीतल्या कढीपत्त्याला ताक घालायला सांगितलं.

बाग म्हणजे मुळात कुजणं. पान कुजतं, साल कुजते, मेलेला किडा कुजतो, आणि त्यातून कुणीतरी हातांनी उलथून पालथून फूल वर आणतं. जी बाग कुजत नाही ती फक्त छापता येते. ही अक्कल मला आता आली असं मी म्हणणार नाही. मी आठ वर्षांची असतानाच ती मला होती, आप्पांच्या मागे खत चाळताना. मग मी मोठ्या शाळेत गेले, चांगले कपडे घालायला लागले आणि ती मी नाक धरून बाहेर टाकली.

परवा ईराने, आता ती सेकंडरी टूमध्ये, म्हणजे आपल्या आठवीत आहे, लॅपटॉप साफ करताना तो ग्रुप फोटो उघडला. बघितला आणि मला न विचारता बंद केला. म्हणाली, "यू नो मम्मा, आय वॉज सो अँग्री विथ यू दॅट डे." मी विचारलं, तेव्हा बोलली का नाहीस? ती म्हणाली, "आजोबा सेड डोन्ट."

म्हणून काल, बूट तसेच टाकून, मी आप्पांना फोन लावला. पाच वर्षांत दर रविवारी फोन झाला होता, आणि पाऊस, गुडघा, पेन्शनचा दाखला असं सगळं बोलून झालं होतं. काल मी थेट बोलले. म्हणाले, "आप्पा, त्या मॉलमध्ये मी तुम्हाला बाजूला व्हायला सांगितलं होतं. ती बाई तुम्हाला कामगार म्हणाली आणि मी गप्प बसले. मला त्याची लाज वाटते."



"त्यात काय एवढं," आप्पा म्हणाले. "कॉलनीत साहेबांच्या पोरांचं वाढदिवस व्हायचं, हिरवळीवर फोटू काढायचे. मी आपला आपणच पाइप टाकून झाडामागं जायचो. सांगावं लागायचं न्हाई. तू तर आप्पा म्हणून हाक मारून सांगितलंस. लोक नुसता हात हलवत्यात."

ते मला माफ करत नव्हते. माफ करण्यासारखं काही घडलंय असंच त्यांना वाटत नव्हतं. पस्तीस वर्षं झाडामागे जाऊन जाऊन त्यांना ती जागा आपलीच वाटत होती, आणि सोन्याचा मुलामा दिल्यासारखी माझी ती हाक ते मला परत देत होते. माझा मलाच जो तिटकारा आला, तितका त्या कुजक्या पुस्तकांचाही कधी आला नव्हता.

"आप्पा, असं नका म्हणू," मी कशीबशी म्हणाले.

"बरं, ऱ्हाऊ दे. एक सांग. तो शफीक हाय का अजून तिथं?"

"कोण शफीक?"

"अगं, गोणी उचलत हुता तो. खांबाआड आमी बसलो की. हिंदी येतंय त्याला मोडकंतोडकं. दोन पोरी हायत गावाकडं, धाकटीला दम्याचा त्रास. बाप त्याचा भाताचं रोप करतो. लई चांगला हात हुता पोराचा, गोणी कशी उचलली बघितलंस न्हवं? सकाळपासनं पाणी प्यालं नव्हतं. मी माझी बाटली दिली." मग थोडं थांबून, सहज, "तू तर रोज बघायचीस त्याला. बरी झाली का गं ती पोरगी?"

खिडकीबाहेर खालच्या हिरवळीवर पिवळ्या कोटातला कुणीतरी पावसातच पालापाचोळा गोळा करत होता. मी आप्पांना म्हणाले, मला माहीत नाही. आणि मग, पाच वर्षांनी का होईना, एक गोष्ट खरी सांगायची म्हणून सांगितली, की मला त्याचं नावही आत्ताच कळलं.